गादीपुढच्या बाई

"पाया पडू नका. बघा."

पुण्यातल्या आमच्या राजवाड्याच्या संग्रहालयात कधी आला असाल, तर गादीच्या दालनात हे तुम्हीही ऐकलं असेल. मी तिथं कार्यालयात कारकून. हे सांगणाऱ्या बाई गादीच्या दालनाची राखण करायच्या. विश्रांतवाडीहून बसने यायच्या, नोकरी कंत्राटावर. पण त्या दालनात राज्य त्यांचंच.

राजाची गादी दिसली की लोकांचे हात आपोआप जोडले जातात. एकदा सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी दोरीवरून वाकून मखमलीला हात लावला आणि डोळ्यांना लावला.

"आजोबा, गादीवर कुणी नाही. राजे केव्हाच गेले. हे जरीचं काम बघा. एवढं बारीक भरताना कुणाचे तरी डोळे गेले असतील."

"आपण मला शिकवणार?"

"छे. तिकीट काढलंय ना, वसूल करा."

आजोबा फणफणले. मग चष्मा पुसून जे बघत बसले, ते अर्धा तास हलले नाहीत. मला बाईंचं फार कौतुक वाटायचं. तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

दसऱ्याला नवे साहेब हळदकुंकवाचं तबक घेऊन आले. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते गादीची पूजा ठरली होती. बाई दोरीपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, मखमलीवरचं कुंकू निघत नाही."

"बाई, तुमचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय. लक्षात आहे ना?"

"आहे. कंत्राटाला दुसरी बाई मिळेल. ही मखमल पुन्हा भरायला माणूस कुठून आणणार?"

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. माझी नोकरी कायमची, मला कुणी काढणार नव्हतं. तरी मी पूजेच्या हारातली फुलं सारखी करत राहिलो. पाहुणे समजूतदार निघाले, लांबूनच नमस्कार करून गेले. गादी वाचली आणि महिनाअखेरीला बाईंचं काम गेलं.

पुढच्या दसऱ्याला तबक पुन्हा आलं. मीही तिथंच होतो. अडवलं कुणीच नाही. मखमलीवर तळहाताएवढा लाल डाग पडला. आता जरीकाम कुणी बघत नाही, लोक त्या डागालाच नमस्कार करतात.

परवा बाई आल्या, रांगेत उभ्या राहून, तिकीट काढून. गादीसमोर बराच वेळ थांबल्या. मी जवळ गेलो.

"बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दालनात गेल्या.