डक्टमधला जोंधळा

सकाळी साडेसहाला मी नातीची वेणी घालायला बसायची आणि ती शिंकायला लागायची. एक, दोन, तीन, चार. मधेच थांबायची, मला वाटायचं झालं एकदाचं, की परत सुरू. हातातली वेणी सुटायची, रिबन खाली पडायची आणि माझं डोकं फिरायचं. पोरीवर नव्हे. तिच्यावर कसं फिरेल? मग ते सुनेवर फिरायचं. पलंगाखालचा केर काढलास का, चादरी उन्हात घातल्यास का, पडदे शेवटचे कधी धुतलेस? सून "काढला आत्ती, घातल्या आत्ती" म्हणत डबा भरायची आणि माझ्या हातात पोरीचा पंप द्यायची. दोन वेळा ओढायचा, मग चूळ भरायची, मग दूध. सात वर्षांच्या पोरीला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

मी निपाणीची. माहेर तिथलं, सासर तिथलं, नोकरीसुद्धा तिथल्याच मराठी शाळेत केली. आमचं घर तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत. हंगामात हवेत असा खकाणा असायचा की परगावचा पाहुणा दारातच शिंकायला लागे, आणि आम्ही त्याला हसायचो. "आमच्यात दमा-बिमा कुणाला न्हाय," हे मी बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनाही ऐकवलं होतं. म्हणजे काय, तर जे काही आलंय ते सुनेकडून आलंय. त्या बाईंनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. बरं केलं त्यांनी.

आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. मी निपाणीचं घर भाड्यानं दिलं आणि मुलाकडं बेळगावात अनगोळला आले, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. लोकांना सांगायची, मुलाला सोबत म्हणून आले. खरं सांगायचं तर नातीसाठी आले. ती तेव्हा तीन वर्षांची होती. आल्या दिवशीच माझ्या पिशवीत हात घालून म्हणाली, "आज्जी, आता तू जायाचं न्हाय." आम्हा दोघींची खोली एकच. तिची छाती घरघरायला लागली की सगळ्यात आधी मलाच ऐकू यायची.

त्या दिवाळीला सून तिला घेऊन माहेरी गेली. तिचं माहेर चिकोडीकडच्या एका खेड्यात, घर मळ्यातच. तीन आठवडे राहिल्या आणि पोर एकदाही शिंकली नाही. परत आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू. पुढं जानेवारीत शाळेतून फोन आला, हिला धाप लागलीय, लगेच या. मुलानं ऑफिसातून धाव घेतली, दवाखान्यात वाफ दिली, संध्याकाळी घरी आणलं. त्या दिवशी जेवताना सून शांतपणे म्हणाली, "जूनपासनं हिला आईकडं ठेवूया. तिथं शाळा हाय. मी दर शनिवारी जाईन." आठवडाभरातच शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जसुद्धा गेला.

ही पोर गेली तर या फ्लॅटमध्ये मी काय करू? निपाणीच्या वखारींच्या गल्लीत तर तिला नेता येत नव्हतं. मला सुनेचा इतका राग आला म्हणता! पोटच्या पोरीला दूर ठेवायचं हिला सुचतं तरी कसं, असं मनात म्हणत मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

डक्टचं खूळ माझं. आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यावरच्या चारी फ्लॅटच्या न्हाण्यांच्या मधे खालून वरपर्यंत एक अरुंद पोकळी सोडली आहे. पाण्याच्या, सांडपाण्याच्या पाइपा तिच्यातून जातात आणि न्हाणीतली वाफ, वास तिच्यात सोडायचा. सगळे तिला डक्ट म्हणतात. आमच्या खोलीतल्या न्हाणीची झडपांची खिडकी त्याच डक्टात उघडते. एके दिवशी झडपा पुसायला गेले तर बोटभर घाण. टाचा उंचावून आत डोकावले, तर पाइपांवर कबुतरांची घरटी, खाली पिसं, वाळलेली शीट, आणि कुठली तरी पाइप ठिबकतेय. म्हटलं सापडला चोर.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे डक्ट साफ करून घेतलं तर पोर बरी होईल का? त्या म्हणाल्या, "नुसतं साफ करून फरक पडेलच असं मी सांगणार नाही. कुणाला पडतो, कुणाला नाही. पंप मात्र बंद करायचा नाही. आणि आजी, घाण काढण्याआधी ती येते कुठून ते बघा. पक्षी आणि ओल, दोन्ही थांबायला पाहिजेत." मी त्यातलं "साफ करून" एवढंच ऐकलं. तीस वर्षं पोरांना सांगत आले की प्रश्न पूर्ण वाचा.

काकतीहून डक्ट साफ करणारे एक मामा त्यांच्या मेहुण्याला घेऊन आले. कमरेला पट्टा, दोर, तोंडाला फडकं. गच्चीवरून आत डोकावले आणि खाली येऊन म्हणाले, "आक्का, एका घरट्यात अंडी हाईत. काढून टाकू काय?"

आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर जेवत नाही, पाणी गाळून पितो, मुंगी दिसली तर कुंचल्यानं बाजूला करतो. अंडी काढून टाकू काय म्हणे. मी त्यांना तिथंच थांबवलं. "पिल्लं उडून जाईस्तोवर हात लावायचा न्हाय," म्हटलं. मुलगा म्हणाला, "आई, महिना-दीड महिना जाईल गं." म्हटलं, "जाऊ दे की. पोरीच्या जिवासाठी दुसऱ्याची पोरं मारायची व्हय?" मामा बिचारे दोर गुंडाळून परत गेले.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी त्या वेळी कुणाला सांगितली नाही. निपाणीला असताना आमचे हे रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाखरांना दाणे घालायचे. ते गेल्यावर तो नेम मी घेतला. अनगोळला आल्यापासून रोज अंघोळ झाली की मागच्या बाल्कनीत, जिथं आम्ही भांडी घासतो, तिथल्या कठड्यावर वाटीभर जोंधळा ठेवायची आणि यांचं नाव घ्यायची. पाच मिनिटांत कबुतरं जमायची. ती बाल्कनी डक्टला लागूनच आहे. चार वर्षं मी हे केलं आणि घरट्यांचा आणि माझ्या वाटीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नाही म्हणजे नाही. पाखरं आपली उडत येतात, खातात, जातात, असंच मी धरून चालले होते.

त्यात आणखी शहाणपण केलं. पिल्लं लवकर मोठी झाली तर लवकर उडतील आणि डक्ट लवकर साफ होईल, असा मी हिशेब मांडला आणि एका वाटीच्या दोन वाट्या केल्या. सकाळी एक, दुपारी एक. सून ऑफिसात असताना. तीन-चार कबुतरं यायची ती पंधरा यायला लागली. मला वाटायचं, वा, आता पिल्लं भराभरा वाढणार.

पिल्लं उडाली मार्चच्या शेवटी. मामा परत आले. नातीला शेजारच्या घरी ठेवलं होतं, तेवढं डोकं चाललं. पण झडपांची खिडकी नीट बंद करायची राहिली. खरवडायला सुरुवात झाली आणि सगळी धूळ आमच्या खोलीत. मी ती पुसली, धुतली, तरी पुढचे आठ दिवस पोरीला जास्तच त्रास झाला. पंप चारदा, एकदा परत वाफ. मला वाटलं, माझ्या हातानं मी हिला आजोळी धाडतेय.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मामा डक्टच्या तळाशी उतरले होते. तिथून मोठ्यानं हाक मारून म्हणाले, "ओ आक्का, खाली जोंधळा उगवलाय की!" आणि वर येताना मूठभर फिकट हिरवी, लांबुळकी रोपं घेऊन आले. ठिबकत्या पाइपीखाली, घाणीत, अंधारात ती उगवून आली होती. खालच्या मजल्यावरच्या बायका जमल्या होत्या, त्या हसल्या. मुलगा हसला. "डक्टात शेती," म्हणाला. मामा म्हणाले, "वरनं कोण तरी दाणं घालतंय बघा. दाणं हाय तवर कबुतर कुठं जातंय? आज साफ केलं, पंधरा दिवसांत परत येत्यात."

मी हसले नाही. सूनही हसली नाही. ती कुणाकडंच न बघता पायऱ्या झाडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात सवयीनं डब्यात गेला. वाटी भरली. कठड्यापर्यंत गेले. कबुतरं समोरच्या गच्चीवर बसून वाट बघत होती. मला यांची फार आठवण आली. हा नेम सोडला तर यांचं म्हणून माझ्याकडं दुसरं काय राहिलं होतं? फोटो आहे, पण फोटोसाठी कुणी सकाळी उठत नाही. मी वाटी ठेवली. तिसऱ्या दिवशीही ठेवली. आणि दर वेळी आतून शिंका ऐकू यायच्या. मोजल्या नाहीत. मोजायचं धाडस झालं नाही. मामा म्हणाले होते तसं पंधरा दिवसांच्या आतच एक जोडी काड्या घेऊन डक्टात शिरताना बघितली.

त्या दिवशी रविवार होता. सून भांडी विसळत होती, मी पुसत होते. मी म्हटलं, "तो जोंधळा माझा."

ती म्हणाली, "ठाऊक हाय, आत्ती."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं. कठड्यावरचे सांडलेले दाणे रोज मीच तर झाडते. दिवाळीत आईकडं पोर एकदाबी शिंकली न्हाय, तवाच मला कळलं."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग तोंड शिवलं होतं काय तुझं? मी तुला पडद्यावरनं, चादरीवरनं बोलत होते, तवा तरी सांगायचंस की."

ती नळ बंद करून हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मामंजींचं नाव घेऊन घालताय दाणे. ते बंद करा म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून म्हटलं, पोरीलाच नेऊन ठेवूया आईकडं."

मी तिथंच स्टुलावर बसले. पोरीला दूर ठेवायचं हिला सुचतं कसं म्हणून तीन महिने मनात शिव्या दिल्या, ते हिला माझ्या एका वाटीपायी सुचलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि उरलेली भांडी स्वतःच पुसली. मी म्हटलं, "तू लई वाईट केलंस बघ. भांडायचं होतंस माझ्याशी." ती म्हणाली, "तुमच्याशी भांडून कोण जिंकलंय?" मग आम्ही दोघीही हसलो.

दुसऱ्या दिवशीपासून वाटी बंद. कबुतरं आठवडाभर कठड्यावर येऊन माझ्याकडं बघायची. मी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसायची. काड्या आणणाऱ्या जोडीनं अजून अंडी घातली नव्हती, म्हणून मामांना लगेच बोलावलं. त्यांनी डक्टला वरून जाळी बसवली, प्लंबरनं ठिबकती पाइप बदलली. या खेपेला खिडकीच्या फटी मी स्वतः चिकटपट्टीनं बंद केल्या आणि पोरीला दोन दिवस आजोळी धाडलं. यांच्या नावानं सकाळी मी आता नमोकार म्हणते. पहिले काही दिवस हात रिकामे वाटले, हे खोटं कशाला सांगू.

पोर एका दिवसात बरी झाली नाही. पहिल्या आठवड्यात फरक काहीच नव्हता. दुसऱ्यात थोडा. मे उजाडला तेव्हा एके सकाळी तिची पूर्ण वेणी घालून झाली, रिबनही बांधून झाली, आणि ती उठून गेली. मी फणी धरून तशीच बसले होते. डॉक्टरीणबाईंनी पंप सकाळी दोनदाऐवजी एकदाच ओढायला सांगितला, बंद नाही केला. "जाळीनं झालं की औषधानं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही चालू ठेवा." म्हटलं, ठेवते. या वेळी पूर्ण ऐकलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी दाखल्याचा अर्ज मागं घ्यायला सून आणि मी दोघी गेलो. क्लार्कनं फाइलीतून जुना अर्ज काढून टेबलावर ठेवला. सुनेचं अक्षर. दाखला का पाहिजे, त्या ओळीत तिनं लिहिलं होतं, "मुलीला बेळगावची हवा मानवत नाही."

क्लार्क म्हणाला, "मग आता मानवायला लागली काय हवा?"

सून काही तरी सांगायला लागली, तिला मी थांबवलं. म्हटलं, "हवेचं काही नव्हतं हो. माझंच चुकलं होतं. ही सून मला सांभाळून घेत होती." त्याला काय कळायचं ते कळलं असेल. त्यानं अर्जावर रेघ मारली आणि सुनेपुढं सहीला सरकवला.