कोकरे सरांचा खुलासा

गेल्या सोमवारी सोनमने माझ्या टेबलावर एक फॉर्म आणून ठेवला. आमच्या रसायनशास्त्र विभागाने ‘गुणश्री प्राध्यापक’ या सन्मानासाठी विद्यापीठाकडे माझं नाव पाठवायचं ठरवलंय. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय. विभागातले सगळे कौतुकाने बघतायत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. कारण हा फॉर्म मी आधी एकदा भरलेला आहे. स्वतःसाठी नव्हे, महिपती कोकरे सरांसाठी. तेव्हा मी काय केलं हे आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि तिघेही गप्प राहिलो.

सर मूळचे बारामतीजवळच्या सांगवीचे, ऊसवाल्यांच्या घरातले. इंदापूरच्या आमच्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. दिसायला इतके साधे, की जूनमध्ये नव्याने आलेल्या पोरांना ते शिपाई वाटायचे आणि सरही तो गैरसमज लगेच दूर करत नसत. एकदा प्रवेशाला आलेल्या एका पालकाने चहाचे उष्टे कप त्यांच्या हातात दिले. सरांनी ते धुऊन आणून ठेवले आणि मग वर्गावर गेले. तो पालक पुढे तीन वर्षं कॉलेजात फिरकला नाही म्हणतात.

मीही त्यांचाच विद्यार्थी. मातीचा नमुना सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मगच वजन करायचं, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम. मला त्या दुपारी क्रिकेटची मॅच गाठायची होती, म्हणून मी ओलसर मातीच काट्यावर चढवली आणि आकडा लिहून मोकळा झालो. सरांनी वही पाहिली, मातीला बोट लावलं. म्हणाले, “वाळली न्हाय अजून. ह्यो आकडा पाण्याचा हाय, विजयसिंह, मातीचा न्हाय.” रागावले नाहीत. पण मॅच बुडाली, आणि पुढचे तीन दिवस मी ती माती वाळायची वाट बघत बसलो. धडा शिकलो असं तेव्हा वाटलं होतं.

सरांचं खरं काम कॉलेजाबाहेर होतं. सांगवीकडच्या नदीकाठच्या रानांना पाणी भरपूर, आणि भरपूर म्हणूनच ती रानं खारावत चाललेली. उन्हाळ्यात वर मिठाचा पांढरा थर दिसायचा आणि उसाची पानं कडेने करपायची. सरांनी तिथली बेचाळीस ठिकाणं निवडली. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि दिवाळीनंतर, त्याच बेचाळीस ठिकाणी जाऊन ते माती काढत. गोणपाटावर तिचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. ती माती वाळवून, मोजून, तपासून किराणा दुकानातल्या गोळ्यांच्या प्लास्टिकच्या बरण्यांत भरायची. बरणीवर चिठ्ठी: गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, महिना, साल. एका वर्षी मुलीच्या हळदीच्या दिवशीही गृहस्थ सकाळी खुरपं घेऊन रानात गेले होते. द्वारकाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना अजून चिडतात.

असं सतरा वर्षं चाललं. कुठलं रान खारावणार हे चार-पाच वर्षं आधीच ओळखता येतं, असं त्यांना दिसायला लागलं होतं. दुसरा कोणी असता तर दहाव्या वर्षीच पेपरात फोटो छापून घेतला असता. सर म्हणायचे, वीस वर्षं भरू देत, मग बोलू. म्हणजे त्यांना आणखी तीन वर्षं हवी होती, आणि २०१६च्या मे अखेर ते निवृत्त होणार होते.

इथे त्या गुणश्रीचा विषय आला. निवृत्त होणाऱ्या मोजक्या चांगल्या प्राध्यापकांना विद्यापीठ हा सन्मान देतं. पगार वगैरे काही नाही. पण तीन वर्षं बसायला खोली मिळते, प्रयोगशाळा वापरता येते, हाताखालच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन चालू ठेवता येतं. सोनम तेव्हा त्यांच्याकडे नुकतीच पीएच.डी.ला लागली होती आणि तिचा विषय याच बरण्या होता. या सन्मानासाठी स्वतः अर्ज करता येत नाही, विभागाने नाव सुचवायचं असतं. आणि निर्णय होईपर्यंत सगळं गोपनीय ठेवायचं, हे फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. मी विभागप्रमुख होतो. ‘उल्लेखनीय कार्य’ या रकान्यासाठी मी हौसेने तीन पानं जोडली.

संमतीची सही करताना सरांनी ती तीन पानं वाचलीच नाहीत. विचारलं, “वजनकाटा हितलाच वापरता यील ना?”

“सर, केवढा मोठा मान आहे हा,” मी म्हणालो.

“मान असू दे रं. काटा मिळंल का त्ये सांग.”

मी हसलो. मला वाटलं, सरांचा नेहमीचा साधेपणा. त्यांना नेमकं काय हवंय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं आणि मला ते ऐकूच आलं नाही. मला मान दिसत होता. कपबशा धुणाऱ्या माझ्या सरांना फेटा बांधलेला बघायचा होता मला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, विद्यापीठातल्या माझ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. छाननी समितीने सरांच्या नावाची एकमताने शिफारस केलीय, शनिवारच्या बैठकीत फक्त शिक्का उठायचा बाकी, काम झाल्यात जमा आहे. माझ्या पोटात ती बातमी दहा मिनिटंसुद्धा राहिली नाही. मी लखनला फोन लावला. लखन आमचाच जुना विद्यार्थी, सांगवीचाच, बारामतीत त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे.

आमच्याकडे कुणाचं काही झालं की फ्लेक्स लागतो. वाढदिवसाचा, निवडीचा, नव्या ट्रॅक्टरचा. एका लाडक्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्ससुद्धा मी वाचलेला आहे. कोकरे सरांचा मात्र चौतीस वर्षांत एकदाही लागला नव्हता, आणि ते मला सलायचं. लखनला मी ‘शनिवारनंतर लाव’ असं म्हणालो होतो का? म्हणालो होतो, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे मला आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी सांगवीच्या चौकात एक आणि इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर एक, असे दोन वीस फुटी फ्लेक्स उभे होते. ‘गुणश्री प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर नेतेमंडळी, मध्ये सर, आणि सरांच्या डोक्याला लखनने कॉम्प्युटरवर बांधलेला भगवा फेटा. खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यात एक माझा. सर सकाळच्या गाडीने इंदापूरला उतरले ते थेट स्वतःसमोरच. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून विद्यापीठात पाठवून दिला. शनिवारी सरांचा विषय बाजूला ठेवला गेला, आणि सोमवारी पत्र आलं. निर्णयाआधीच प्रसिद्धी करून गोपनीयतेचा भंग झाला आहे, सबब सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

ते पत्र घेऊन सर माझ्या केबिनमध्ये आले. दार लोटून समोर बसले.

“लखनला तूच सांगितलंस न्हवं?”

मी मान हलवली.

“आनंदाच्या भरात सांगितलंस.”

“हो सर.”

“मग झालं तर.”

“सर, माझ्याकडून गेलं बाहेर, असं मी लिहून देतो विद्यापीठाला.”

सरांनी थोडा विचार केला. “तुझी मुलाखत कवा हाय?”

माझ्या बढतीची मुलाखत त्याच महिन्यात होती, त्याच विद्यापीठात. गोपनीय गोष्ट फोडणाऱ्या विभागप्रमुखाचं तिथे काय झालं असतं, ते दोघांनाही कळत होतं.

“मग काय लिहू नगंस,” सर म्हणाले.

मी “पण सर” असं म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं नाही, उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. फ्लेक्सचं मला वाईट वाटतंच, पण ती चूक होती आणि प्रेमातून झाली होती. त्या क्षणी जे मोकळं वाटलं, त्याची मला आजही लाज वाटते.

खुलासा दोन ओळींचा होता. सरांनी तोंडी सांगितला, टाइप मी केला. ‘सदर फ्लेक्स माझ्या गावातील लोकांनी प्रेमापोटी लावला आहे. त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’ प्रिंट काढून मीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सही केली आणि प्रयोगशाळेत गेले.

प्रस्ताव विचारात घेता येत नाही, असं उत्तर आलं. मेअखेर सर निवृत्त झाले. मला बढती मिळाली. सोनमची नोंदणी नियमाप्रमाणे माझ्याकडे वर्ग झाली. मातीतलं मला फारसं कळत नाही, म्हणून मी तिचा विषय बदलून कापडाच्या रंगांवर आणला. तीन वर्षांत तिचं काम पुरं झालं, ती आमच्याच विभागात लागली, आणि तिच्या नावाचा फ्लेक्सही लागला. पुढच्या वर्षी सरांचं नाव पुन्हा पाठवायची परवानगी होती. मी फॉर्म घेऊन सांगवीला गेलो, तर सर म्हणाले, “आता नगं. पुन्यांदा खुलासा लिव्हायचं वय न्हाय माझं.” त्यांच्या बरण्या तोवर कॉलेजातून हलवल्या होत्या. त्या जागी नवं यंत्र यायचं होतं.

२०१९च्या दिवाळीनंतर मी पुन्हा एकदा गेलो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बरण्या लावलेल्या होत्या आणि त्यांच्यावर जाड पांढरं आच्छादन होतं. मी निरखून बघतोय हे पाहून द्वारकाबाईंनी त्याचा कोपरा उचलून दाखवला. आतल्या बाजूने भगव्या फेट्यातले सर दिसले.

“लखन टाकून देत हुता,” त्या म्हणाल्या. “म्या मागून घेतला. चांगला जाड हाय, पानी आत येत न्हाय. ह्येच म्हनले, उलटा टाक.”

मग माझ्या लक्षात आलं, की बरण्या वाढल्या होत्या. निवृत्तीनंतरही सर दर एप्रिलला आणि दिवाळीनंतर त्या बेचाळीस ठिकाणी जात राहिले होते. दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, खुरपं पिशवीत घालून. माती आणून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवली होती. वीस वर्षं भरली होती.

“मोजायची तेवढी ऱ्हायली हाय,” सर म्हणाले. “तीन वर्साची. दोन-अडीच म्हैन्याचं काम. काटा असता तर.” आणि माझ्याकडे न बघता ते एका बरणीचं झाकण घट्ट करत राहिले.

सरांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच. मी म्हणालो, “बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत घेता येत नाही सर आता. बघू, काहीतरी करू.” नियम होताच. पण तो मोडला तर विचारणारा विभागप्रमुख मीच होतो. आणि सरांना काट्यापाशी बसलेलं रोज डोळ्यांसमोर बघायचं मला नको होतं, हे खरं कारण. मी चहा घेतला आणि निघालो. पुढे टाळेबंदी आली, आणि मला आयतंच निमित्त मिळालं.

२०२२च्या जानेवारीत सर गेले. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा शेड रिकामी होती. द्वारकाबाईंनी दोन गडी लावून, चिठ्ठी वाचून वाचून, ज्याची माती त्याच्या रानात नेऊन टाकली होती. “त्येंनीच सांगितलं हुतं,” त्या म्हणाल्या. “लोकांची माती हाय, आपल्यात ठिवायची न्हाय.” धुतलेल्या बरण्यांत आता डाळी आणि शेंगदाणे भरले होते. एका बरणीवरची चिठ्ठी निघाली नव्हती. एप्रिल २००४.

तर गेल्या सोमवारी सोनम फॉर्म ठेवून म्हणाली, “सर, निर्णय हुईपर्यंत कुणाला बोलू नका बरं का. मागं कोकरे सरांच्या येळी कुणीतरी आधीच बोललं, म्हणून गेलं सगळं.”

“मी बोललो होतो,” मी म्हणालो.

ती खुर्चीत बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. ओळखीच्याचा फोन, लखन, मुलाखत, मी टाइप केलेला खुलासा, सांगवीच्या शेडमधली ती दुपार. सांगून टाकल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

“सरांना ठावं हुतं?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मला का न्हाईत बोलले? मी तर मधनंमधनं जायची त्यांच्याकडं. कुणी केलं असंल सर, म्हणून विचारायची.”

“तुला तीन वर्षं माझ्या हाताखाली काढायची होती, सोनम.”

फॉर्म तिने उचलला नाही आणि सही करा असंही म्हणाली नाही. आपली पर्स घेऊन उठली. दारापाशी जाऊन थांबली.

“सांगवीला गेला हुता त्या दिवशी,” ती म्हणाली, “लॅबची किल्ली तुमच्याजवळच हुती ना, सर?”

“हो,” मी म्हणालो. “खिशात होती.”