अवसेचा सौदा

लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा मोंढ्याच्या धान्यबाजारात मामांची, माझ्या सासऱ्यांची, आडत होती आणि माझ्या मोबाइलवर शेअर बाजार. मामांना माझ्या बाजाराचं भारी हसू यायचं. "माल न्हाई, पोतं न्हाई, हमाल न्हाई. असला कसला मोंढा?" त्यातून मी मंदीचे सौदेही करते हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हातच लावला. "हातात नसलेला माल विकून राहिलीस?"

मी समजावलं. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या धरायच्या. दमदार असेल ती विकत घ्यायची. कमकुवत असेल ती आधी विकायची आणि भाव पडला की घेऊन सौदा मिटवायचा. बाजार चढो की पडो, दोघींतला फरक आपला. मामा म्हणाले, "कर. पैसे तू शिकवण्या घेऊन कमावलेले हायेत. पण दुकानातून रुपया घेशील, त्या दिवशी हे बंद." मी "हाव" म्हणून कबूल केलं.

त्या महिन्यात बाजार नुसता पिसाळला होता. अवसेला मोंढा बंद, मामा घरी. आमच्या घरात अवसेला कुणी सौदा करत नाही. नेमकी त्याच सकाळी माझी कमकुवत कंपनी उसळली. तिला कुणी मोठं गिऱ्हाईक मिळणार, अशी बातमी होती. मी विकून बसलेला माल महाग होत चालला आणि ब्रोकर सौदा टिकवायला आणखी पैसे मागू लागला.

मामांनी चेहऱ्यावरून ओळखलं. "आज हात लावू नको. कमी पडलं तर दुकानातून घे, उद्या बघू." अगदी मायेनं म्हणाले, आणि त्या मायेचाच मला राग आला. ते पैसे घेतले की माझा बाजार संपला. शिवाय कोणत्या भावाला माघार घ्यायची ते मी विकतानाच ठरवलं होतं, आणि तो भाव आला होता.

"न्हाई मामा," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच दोन्ही सौदे मिटवले. दमदार कंपनीनं थोडं भरून दिलं, तरी तोटा बराच झाला. मामा उठून आत गेले.

मी बाजार सोडला नाही. सौदे लहान केले, दुकानातून रुपया घेतला नाही, पण रोज नेमानं बसले. मामा विचारत नव्हते, मी सांगत नव्हते.

पुढच्या अवसेला सकाळी मी पोळ्या लाटत होते. मामा स्वयंपाकघराच्या दारात आले, घड्याळाकडे बघून म्हणाले, "ऊठ. तुझा मोंढा उघडायची येळ झाली."