पाच वाजता निघणारी

संध्याकाळचे पाच वाजले की ती बॅगेची चेन ओढायची आणि म्हणायची, "आता मी न्हाई." समोर एक मुलगी बसलेली असो की दहा, ती उठायचीच. हसत उठायची, म्हणून मला जास्त राग यायचा.

लातूरला एका कोचिंग क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात मी तेव्हा रेक्टर होते. त्या वर्षांत आमच्या भागात ज्याला वरचा मजला चढवता आला, त्यानं वसतिगृहाची पाटी लावली. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी सकाळपासून पुस्तकात मान घालून बसायच्या. संगीतानं ताण उतरतो, असं मालकांना कुणीतरी पटवलं आणि ही आली. मूळची इस्लापूरची, घर नांदेडला, इथं सहा महिन्यांपुरती खोली घेतलेली, वय पंचविशीचं. संगीतोपचार शिकत होती आणि शिकण्याचाच भाग म्हणून सहा महिने आमच्याकडे काम करणार होती. सोबत पेटी, डफली आणि एक काळी वही.

त्या वहीपासून माझा संशय सुरू झाला. मुली बोलायच्या आणि ही लिहायची. मला वाटलं, मालकांची माणूस आहे, कोण अभ्यास टाळते ते कळवत असणार. एकदा मालकांनी माझ्यासमोरच वही मागितली. ती म्हणाली, "ह्यात पोरींचं हाय सर, तुमचं न्हाई," आणि वही बॅगेत टाकली. तरी मला वाटलं, दोघांनी मिळून मला दाखवायला केलेलं हे नाटक आहे.

वही घेऊन येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी जरा जास्त पाहिली. भूकंपात आमचं गाव गेलं, आई-वडील गेले. मी आणि आठ वर्षांची धाकटी बहीण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथं लोक यायचे, नाव लिहून घ्यायचे, मन मोकळं करा म्हणायचे. त्यातली एक ताई बहिणीपाशी दिवसदिवस बसली, तिला भरवलं, झोपवलं. पंधरा दिवसांनी निघाली आणि पुन्हा दिसली नाही. बहीण पुढं महिनाभर रस्त्याकडं तोंड करून बसायची. जेवायचीही तिथंच.

म्हणून एका गुरुवारी मी हिच्या मागं गेले. पाच वाजता ही जाते कुठं ते बघायचं होतं. जवळच्या एका शाळेच्या मोकळ्या मैदानावर ती एका जुन्या सायकलवर चढत होती. पाच हात जायची, पडायची, सलवार झटकायची आणि पुन्हा चढायची. पंचवीस वर्षांची बाई सायकल शिकत होती आणि एकटीच हसत होती. मी भिंतीआडूनच परत फिरले. संशय फिटला नाही, उलट वाढला. पोरी इकडं रडून राहिल्या आणि हिला सायकल सुचते कशी?

मग देवणीहून आलेल्या एका मुलीचा तो दिवस आला. चाचणीत मार्क घसरले होते. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. त्या दुपारी पेटी ऐकता ऐकता ती रडायला लागली, ती थांबेचना. पाच वाजले. बॅगेची चेन वाजली. मी दारात आडवी उभी राहिले.

"पोरगी अशी रडून राहिली आणि तुम्ही सायकल चालवायला निघालात, मॅडम?"

तिनं विचारलं, "तुम्ही माझ्या मागं आलता?"

मी दारातून हलले नाही.

"मावशी, तिच्या वडलांना फोन केलाय, ते निघालेत. मला शिकवणाऱ्या सरांनाही सांगितलंय, ते स्वतः तिच्याशी बोलणार हायेत. आता मी बसले तर ही रोज माझीच वाट बघंल. मी तर सहा महिन्यांची. तुम्ही इथल्याच हाव ना?"

"हाव."

"मग तिला एकटं सोडून न्हाई चालले. तुमच्यापाशी सोडून चालले."

आणि ती गेली.

मी पोरीशेजारी बसले. कुणाशेजारी नुसतं बसायची सवय मला नव्हती. वेळा पाळायला लावणं, पोरी मोजून दारं लावणं, एवढंच येत होतं. मग मी तिला शेडमधल्या दिवसांविषयी सांगितलं, बहिणीविषयी सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं ते. ती रडायची थांबून विचारायला लागली, "मग ती जेवायची का, मावशी?" तासाभरानं तिनं वरणभात खाल्ला. दिवेलागणीला वडील आले आणि तिला आठ दिवस घरी घेऊन गेले. ती परत आली ती आपल्या मनानं.

दुसऱ्या दिवशी दहाला ही हजर. आल्या आल्या मला विचारलं, "तुमची सुट्टी कोणत्या वारी असती?"

"मला सुट्टी लागत न्हाई."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी इतके दिवस तिच्याकडं पाहत होते. म्हणाली, "मावशी, ह्याचाच मला लई संशय येतो."

मला हसू आलं. पण त्या महिन्यात मी मालकांकडून रविवार मागून घेतला. विष्णुपुरीला बहिणीच्या घरी गेले. तिच्या मुलाला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चालायला लागला होता.

सहा महिने संपायला आले तसं तिनं फळ्यावर उरलेले दिवस लिहायला सुरुवात केली. रोज मुलींसमोर एक आकडा पुसायची. मुली रुसल्या, भांडल्या, शेवटी त्यांनीच तिच्यासाठी गाणं बसवलं. पेटी रिक्षात ठेवून ती माझ्यापाशी आली आणि वाकून पाया पडली.

"जाते, मावशी."

आपल्याकडं कुणी असं म्हणत नाही. येते म्हण गं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

"सावकाश जा," म्हटलं, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभी राहिले.