दहा वाजून वीस मिनिटं

काहीही विचारलं, की ते आधी मनगट वळवून घड्याळ बघायचे. "आदी टायम सांगतो, मग बाकीचं," म्हणायचे. जेवलात का विचारलं तरी आधी एक वाजून पाच, मग भाजी कसली होती ते. असा एखादा निवृत्त फौजी तुमच्याही ओळखीत असेल. आमचे फौजी सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होते आणि निवृत्तीनंतर मिरजेत आमच्या कारखान्याच्या फाटकावर.

कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. दोन खोल्या, चार माणसं आणि मी. आम्ही छातीला बांधायचा एक पट्टा बनवत होतो. तो दिवसभर हृदयाचे ठोके टिपणार आणि काही बिनसलं तर फोनवर कळवणार होता. माहितीपत्रक मी पट्ट्याच्या आधी छापून घेतलं होतं, यावरून काय ते समजा.

पट्टा वापरून बघायला कुणीतरी हवं होतं. आमची चारही पोरं पंचविशीतली. त्यांची हृदयं इतकी नीट चालायची, की बघून कंटाळा यायचा. फौजी म्हणाले, "आमी घालतो की. बसूनच तर असतोय." ते पट्टा बांधून फाटकावर बसत आणि खिशातल्या वहीत वेळेसकट नोंदी करत. वही मागितली तर देत नसत. "लॉग दुसऱ्याच्या हातात जात न्हाई सायेब. वाचून दावतो."

तिसऱ्या दिवशी फोनवर लाल अक्षरं उमटली. 'पट्टा सैल.' चार सेकंद ठोकाच नव्हता. ठोका दिसला नाही तर पट्टा सरकला असं समजायचं, हे यंत्राला मीच शिकवलं होतं. मी बाहेर धावलो. "आदी टायम सांगतो. नऊ पन्नास," फौजी म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. पट्टा एक भोक आवळून मी आत पळालो. बाकीचं ऐकायला थांबलोच नाही.

आठवडाभर हेच चाललं. लाल अक्षरं आली की मी आवळायचो. पट्टा शेवटच्या भोकावर आला. "आवं सायेब, आता भाकरी खाली उतरत न्हाई," ते म्हणाले. मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडायला दाभण घेऊनच बाहेर गेलो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "आज बाकीचं बी ऐका."

वही उघडून ते वाचू लागले. नऊ पन्नास, डोळ्यापुढं अंधारी. चार दहा, अंधारी, भिंतीला धरलं. जितक्या वेळा लाल अक्षरं, तितक्या वेळा अंधारी. पट्टा सैल असला की पडद्यावरची ठोक्यांची रेघ थरथरते. माझ्याकडची त्या प्रत्येक वेळी सरळ, स्वच्छ होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. पट्टा जागेवरच होता, हृदय थांबत होतं.

मी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रेघ बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी पेसमेकर बसवायचं ठरवलं. "यंत्राला हे कधी कळलं?" त्यांनी मला विचारलं. फौजींनी घड्याळ पाहिलं.

"आजच. धा वाजून वीस मिन्टांनी. सायबांनी लगोलग हितं आणलं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती एकच खोटी वेळ.

आता आमचा पट्टा सैल असल्याचं सांगण्याआधी 'बरं वाटतंय का?' असं विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. या युक्तीबद्दल सभांमध्ये माझं कौतुक होतं. मी ते मान खाली घालून स्वीकारतो. लोकांना तो विनय वाटतो.

त्यानंतर फौजी सहा वर्षं जगले. गेले ते तापाने, इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावी. हृदय शेवटपर्यंत नीट चालत होतं. त्यांच्या बायकोने ती वही माझ्या हातात ठेवली. "तुमालाच द्या म्हनले हुते," म्हणाल्या. मी घरी येऊन तो दिवस शोधला.

"१०.२०. सायेब दाभन घेऊन आले. आज सांगायचंच. मानूस वाईट न्हाई, घाईत हाय."