दिवा कशाचं प्रतीक?

आमची आत्या कॉलेजात एकच जुनी कादंबरी शिकवून शिकवून मेटाकुटीला आलीय. शेवटच्या पानावर त्यातली नायिका दिवा न मालवताच झोपी जाते. ‘हा दिवा म्हणजे नवऱ्याच्या परतीची आशा,’ हे आत्याचंच वाक्य पोरं दरवर्षी पेपरात ओकतात.

काल पेपरांचा गठ्ठा तपासून ती कपडे न बदलताच आडवी झाली. स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत होता.

“वीज काय फुकट येते?” तिचे यजमान बाहेरच्या खोलीतून ओरडले.

“आशेचं प्रतीक आहे ते,” मी आत्याला हसवायला म्हटलं.

आत्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, “कसली डोंबलाची आशा! दमली असेल गं ती. उठून दिवा मालवायचंही त्राण उरलं नसेल.”