रोहिणखेडच्या वाटेवर शांताबाई आणि कमल

सहलीला कुठं जायचं यावरून आमच्या वर्गात चार दिवस भांडण चाललं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. मी अठरा वर्षांची, चिखलीत शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते. निम्म्या मुलींना लोणार हवं होतं, निम्म्यांना शेगाव. शेवटी आमच्या बाई वैतागल्या. "रोहिणखेडला जायचं. जुनी मशीद आहे, बघण्यासारखी. मी फक्त सोबत येणार. पहिल्या दिवशी गट शांताबाई चालवतील, दुसऱ्या दिवशी कमल. उद्या वर्ग चालवायचेत ना? आधी नऊ जणी चालवून दाखवा."

शांताबाई आमच्यात सगळ्यांत मोठ्या, पस्तिशीच्या. नवरा गेल्यावर दहा वर्षं एकटीनं शेती केलेली, मजूर हाताखाली राबवलेले. कमल माझ्याच वयाची, दुसरबीडकडच्या एका बौद्ध कुटुंबातली, घरातली शिकणारी पहिली मुलगी. बोलायची कमी, विचारायची जास्त.

जानेवारीतल्या एका सकाळी निघालो. चिखलीहून एसटीनं बुलढाणा आणि तिथून मलकापूरची गाडी. ती राजूर घाट उतरून मोताळ्याला सोडते. तिकीट तेव्हा रुपया-सव्वा रुपया होतं, आताचं स्टँडवर विचारून घ्या. घाटात डाव्या बाजूला बसा, असं मी म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर मला घाट दिसलाच नाही. शांताबाईंनी आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं होतं आणि मी मधल्या सीटवर दोघींच्या कोपरांत अडकले होते.

मोताळ्याहून पुढं सामान बैलगाडीत आणि आम्ही पायी. पहिल्याच फाट्यावर कमल म्हणाली, "शांताबाई, माह्या मावशीचं गाव इकडंच हाये. शेतातल्या या पांदीनं गेलं तं लवकर पोचतो."

"मी इचारलं काय तुले?"

"नाही, पन..."

"मंग चाल. गाडीमागं चालाचं."

गाडीमागं चाललो. दोन्ही बाजूंना हरभरा, वर धूळ. गाणं कुणी म्हटलं नाही. वत्सला नावाची एक हसरी मुलगी होती, तिनं भाजून खायला म्हणून हरभऱ्याचे डहाळे मागून आणले, तर शांताबाईंनी ते परत करायला लावले. दिवस कलता कलता रोहिणखेडच्या शाळेत पोचलो. पिठलं कुणी करायचं, भाकरी कुणी थापायच्या, सगळं ठरवून दिलेलं होतं. जिला पिठलं येत नव्हतं, तिच्याकडेच पिठलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या आणि आम्ही त्या मुकाट्यानं गिळल्या.

दुसरी सकाळ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. कमलनं उठल्यावर विचारलं, "आज कोनाले काय करावं वाटते?" मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. एकीला चित्र काढायचं होतं, एकीला नुसतं बसायचं होतं. मशिदीत गेलो. काळा दगड, त्यावरची नाजूक नक्षी, कमानीतून येणारं कोवळं ऊन. तिथली देखभाल करणारे एक म्हातारे चाचा म्हणाले, "बेटी लोग, आराम से देखो. बहुत दिन बाद इतनी आवाजें आईं." आम्ही तास-दीड तास तिथं होतो. जाल तेव्हा सकाळीच जा, दगडावरचं कोरीव काम तिरप्या उन्हातच उठून दिसतं.

बाई सामानाच्या गाडीत बसून मोताळ्याकडे पुढं गेल्या. आम्ही सतरंज्या आणि शिधा घेऊन मागून निघालो, कमलच्या पांदीनं. वाटेत नाल्याकाठी मोहरलेली आमराई लागली. इथं जेवायचं का, कमलनं विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या. चूल कुठं मांडायची, तेही सगळ्यांनी मिळून ठरवलं, जिथं सावली दाट तिथं. वर मात्र नऊ जणींपैकी कुणीच पाहिलं नाही.

चुलीतली ओली काटकी धुपायला लागली आणि धूर फांदीवरच्या आग्या मोहोळाला लागला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग वत्सला किंचाळली.

आम्ही आठ दिशांना पळणार होतो. मी कमलकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती गोंधळली नाही. जीव तोडून ओरडली, "शांताबाई, तुमी सांगा!"

"पळू नोका!" शांताबाईंचा आवाज शेतभर गेला. "चुलीपासून दूर! सतरंज्या घ्या! तिघी-तिघी एकीखाली, तोंड झाका! हलू नोका, बोलू नोका!"

कालपासून ज्या आवाजाचा राग राग करत होतो, त्याच आवाजाच्या मुठीत आम्ही निमूटपणे गेलो. सतरंजीखाली अंधार, घामाचा वास, आणि बाहेर ती घरघर. किती वेळ गेला कोण जाणे. कुणी हललं की शांताबाईंचा आवाज यायचा, "गप." त्या एका शब्दानं धीर यायचा.

माश्या ओसरल्यावर रांगत रांगत नाल्यापलीकडे गेलो. चावल्या सगळ्यांनाच होत्या, पण सतरंजीत शिरण्याआधी वत्सलाला फार डसल्या होत्या. डोळे सुजून बंद झाले होते. शांताबाई म्हणाल्या, "उचला इले. चौघी या. रडनं बंद!" हात लावताच वत्सला किंचाळून झटकायला लागली. बाकीच्या एकमेकींवर खेकसू लागल्या, चूल कुणी मांडली, काटकी कुणी आणली. शांताबाई आणखी जोरात ओरडल्या आणि आणखी गोंधळ झाला.

कमल वत्सलाजवळ खाली बसली. "वत्सले, तुले कसं जमन?"

"उचलू नोका वं. आंग जळून राह्यलं. मी चालतो, हात धरा कोनीतरी."

मग कमलनं एकेकीला विचारलं. एक म्हणाली, मी माश्यांचे काटे काढते. दुसरीनं लुगड्याचा पदर भिजवून आणला. दोघी सामानाची गाडी परत आणायला पळाल्या. शेवटी शांताबाई हळूच म्हणाल्या, "कमल, मी काय करू?"

"तुमी तिचा हात धरा. तुमचा हात घट्ट हाये."

मोताळ्याच्या दवाखान्यात वत्सलाला इंजेक्शन दिलं. दोन तासांनी तिचा एक डोळा किलकिला झाला. घाबरलेल्या बाईंनी विचारलं, "आज गट कोण चालवत होतं?" सुजलेल्या ओठांनी वत्सलाच म्हणाली, "दोघी बी."

दुसऱ्या दिवशी चिखलीत परतलो. सूज आठवड्यात उतरली. पुढं मी मुख्याध्यापिका झाले. तीस वर्षं शाळा चालवली आणि बरी चालवली. पण एक वर्ष सलतं. आमची एक विद्यार्थिनी अचानक गेली. मी त्याच दिवशी शिक्षकांना बदललेलं वेळापत्रक दिलं, कामं वाटली, रडणं बंद म्हटलं. त्यांना काय हवंय हे विचारलंच नाही. ते लोक माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलले. माझ्यात दोघींचं थोडं थोडं होतं, पण कुठल्या घडीला कोण व्हायचं, ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

शांताबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कमल एकदाच भेटली, चिखलीच्या स्टँडवर, दोन्ही हातांत पिशव्या. "काऊन वं, वळख नाही देत?" म्हणाली. दोन मिनिटं बोललो. "एकदा जाऊ रोहिणखेडले. मशीद पाहू, पांदीनं चालू." मी हो हो म्हटलं. गाडी लागली, ती चढली, खिडकीतून हात केला. पत्ता घ्यायचा राहून गेला.

माझा मुलगा म्हणतो, आई, कारनं नेतो, दुपारपर्यंत परत. मी दरवेळी काहीतरी कारण काढते.

तुम्ही मात्र जा. थंडीत जा, पाणी बरोबर घ्या, आमराईत बसण्याआधी वर पाहा. आणि एकटे जाऊ नका.